आमच्या साईटला कोण हॅक करणार, असं म्हणणाऱ्या सगळ्यांसाठी

"ओ ताई, आमच्या एवढ्याशा साईटला कोण कशाला हॅक करंल?" हे वाक्य मी कोल्हापुरात राजारामपुरीत ऐकलंय, गुजरीत ऐकलंय, शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीच्या ऑफिसात चहा घेता घेता ऐकलंय. बोलणाऱ्याला वाटतं की हॅकर म्हणजे कुठंतरी बसून नेमकं आपलंच दुकान हेरणारा माणूस, आणि आपल्याकडं हेरण्यासारखं काय आहे. पण तसं कुणी निवडत बसत नाही ओ. प्रोग्राम सोडलेले असतात, ते दिवसरात्र एकेका पत्त्यावर जाऊन बघतात की इथं वर्डप्रेस (साईट बनवायचं सॉफ्टवेअर) आहे का, कुठलं प्लगिन (त्याला जोडलेला जादा प्रोग्राम) आहे, त्याचं भोक असलेलं जुनं व्हर्जन आहे का, लॉगिनला ॲडमिन हे नाव चालतंय का. त्यांना चप्पल, गूळ, चांदी काही कळत नाही. नवी साईट चढवल्यावर सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, उघडून बघा, अजून घरच्यांनाही लिंक पाठवलेली नसते आणि कुठल्या कुठल्या देशांतून लॉगिनच्या पानावर धडका सुरू झालेल्या असतात.

आणि हे सगळं लांब कुठंतरी होतं असंही समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या सिस्टीममध्ये मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवून ९४ कोटींच्या वर रक्कम काढली गेली, त्यातली बहुतेक २८ देशांतल्या एटीएममधून क्लोन म्हणजे नक्कल केलेली कार्डं वापरून, आणि त्यातली काही कार्डं आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममध्ये फिरवली गेली होती. घुसखोरी पुण्यातल्या सर्व्हरमध्ये, पैसे काढणारी पोरं इथल्या रस्त्यावर. त्या वेळी पेपरात वाचून हळहळलेली माणसं आजही दुकानाच्या साईटचा पासवर्ड अंबाबाई१२३ ठेवतात याचं मला फार वाईट वाटतं.

एक प्रकार जरा सविस्तर सांगते कारण तो सगळ्यात जास्त बघायला मिळतो आणि सगळ्यात उशिरा कळतो. चप्पल लाईनमधल्या एका दुकानदाराची साईट होती, नाव नको. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्यावरनं गदारोळ झाला, २०१९ ला मिळालेल्या जीआयची म्हणजे भौगोलिक मानांकनाची परत चर्चा झाली, सगळा देश कोल्हापुरी चप्पल गूगलवर शोधायला लागला आणि नेमकं तेव्हाच यांच्या लक्षात आलं की आपलं नाव गूगलवर टाकलं की खाली जपानी अक्षरं येतात. साईट उघडली तर सगळं जागच्या जागी, फोटो बरोबर, भाव बरोबर. म्हणून त्यांना वाटलं गूगलचाच काहीतरी घोळ आहे.

याला जपानी कीवर्ड हॅक म्हणतात. साईटमध्ये घुसलेला माणूस तुमच्या डोमेनखाली, म्हणजे साईटच्या पत्त्याखाली, हजारो पानं तयार करतो, त्यात नकली ब्रँडेड घड्याळं, पर्सा, बूट असल्या मालाची जपानी जाहिरात असते, आणि कोड असा लिहिलेला असतो की गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) आला की ती पानं दाखवायची आणि मालक किंवा साधं गिऱ्हाईक आलं की नेहमीची साईट दाखवायची. त्याला तुमचं दुकान नको असतं, तुमच्या डोमेनची गूगलकडं असलेली पत हवी असते, जी तुम्ही पाच-सात वर्षं प्रामाणिकपणे धंदा करून कमावलीय. बघायचं असेल तर गूगलच्या सर्चमध्ये इंग्रजीत साईट हा शब्द, लगेच कोलन आणि मध्ये जागा न सोडता आपलं डोमेन टाका, आपली जेवढी पानं गूगलकडं नोंदलीत ती दिसतात. वीस पानांची साईट आणि रिझल्ट हजारोंनी आले तर समजून घ्या.

शिरले कुठनं? थीममधनं, म्हणजे साईटच्या तयार डिझाईनमधनं. साईट करणाऱ्या पोरानं काही हजारांची विकतची थीम टेलिग्रामवरनं फुकट घेऊन टाकली होती, नल्ड थीम म्हणतात त्याला, लायसन्स तोडलेली. आता फुकटात कोण कशाला वाटत बसेल, त्यात आधीच दार उघडं ठेवलेलं असतं, फंक्शन्सच्या फाईलमध्ये चार ओळी गिचमिड अक्षरांत लपवलेल्या. साफ करताना लोक फक्त ती जपानी पानं उडवतात आणि आठ दिवसांत सगळं परत येतं. खरं काम पुढंच असतं. वर्डप्रेसच्या मूळ फाईली काढून ताज्या टाकायच्या, प्लगिन आणि थीम मूळ जागेवरनं नव्यानं घ्यायच्या, अपलोड्सच्या फोल्डरमध्ये फक्त फोटो असायला हवेत तिथं पीएचपीची, म्हणजे प्रोग्रामची, फाईल दिसली की ती संशयितच धरायची, युजर्सच्या यादीत आपल्याला माहीत नसलेला ॲडमिन आहे का बघायचं, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं एखादं क्रॉन जॉब लावून ठेवलंय का बघायचं, मग होस्टिंगचा (साईट ठेवायला घेतलेल्या जागेचा), डेटाबेसचा, एफटीपीचा (फाईली चढवायच्या सोयीचा), ईमेलचा असे सगळे पासवर्ड बदलायचे. आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साईट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणारी सोय) मालकांची यादी बघायचीच बघायची, कारण हे लोक एक छोटी एचटीएमएल फाईल तुमच्या साईटवर टाकून तिथं स्वतःला मालक म्हणून जोडून घेतात आणि तुम्ही साफ केलं तरी तिकडनं त्यांना सगळं दिसत राहतं. हे सगळं झालं की मग गूगलला रिव्ह्यूची विनंती करायची. त्या दुकानदाराला गूगलवर परत नीट दिसायला बरेच आठवडे लागले आणि सीझन तसाच गेला. गिऱ्हाईक तुटून गेलं की परत येत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि ते सांगताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

हे टाळायला करायचं काय, तर फार काही नाही. प्लगिन कमीत कमी, अपडेट वेळच्या वेळी, जे वापरात नाही ते नुसतं बंद न ठेवता काढून टाकायचं (बंद ठेवलेल्या प्लगिनची फाईल सर्व्हरवर असतेच), लॉगिनला ॲडमिन नाव नको, पासवर्ड लांब, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द जोडले तरी चालतात, आणि दुसरं कुलूप म्हणून ऑथेंटिकेटर ॲप, जे दर वेळी नवा कोड देतं. एकच पासवर्ड सगळीकडं नको, कारण एखादी भलतीच साईट फुटली की तिथला ईमेल-पासवर्ड घेऊन बाकी सगळीकडं चालतोय का बघतात. लक्षात राहत नसतील तर बिटवॉर्डनसारखं पासवर्ड मॅनेजर फुकट मिळतंय, ते वापरा.

डोमेन कुणाच्या नावावर आहे हे मात्र आजच्या आज बघा. इथं बऱ्याच जणांचं डोमेन साईट करून देणाऱ्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच अकाउंटमध्ये असतं. तो पोरगा पुण्याला नोकरीला जातो, नंबर बदलतो, रिन्यूअलचे मेल त्याला जात राहतात आणि एक दिवस साईट गायब. डॉट कॉम असेल तर मुदत संपल्यावर काही दिवस सवलतीचे, मग ३० दिवस दंड भरून सोडवता येतं, मग ५ दिवसांनी ते बाजारात मोकळं, कुणीही घ्यावं. आणि मग तुमच्याच नावानं कुणीतरी नकली दुकान उघडलं तर तुमची जुनी गिऱ्हाइकं तिथंच पैसे भरणार. नवीन साईट करून घेताना पहिली अट हीच घाला की डोमेन आणि होस्टिंगचं अकाउंट माझ्या ईमेलवर, माझ्या नंबरवर.

कुलपाच्या चित्राबद्दलही एक सांगायचंय. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साईट खरी, असं अजून लोक मानतात. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या ब्राऊझरपासून त्या सर्व्हरपर्यंत जाताना माहिती मध्ये कुणाला वाचता येत नाही. सर्व्हर चोराचा असेल तर माहिती सुरक्षितपणे चोराकडं पोचते. लेट्स एन्क्रिप्टकडनं सर्टिफिकेट कुणालाही फुकट मिळतं, चोरालाही. लोकांचा हा गैरसमज बघूनच क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्र काढून टाकलं. अंबाबाईच्या दर्शनाला येणारे पाहुणे तुम्हाला रूम बघायला सांगत असतील तर त्यांना कुलूप बघायला सांगू नका, साईटचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचायला सांगा आणि ॲडव्हान्स पाठवायच्या आधी लॉजच्या ओळखीच्या नंबरवर एक फोन करायला सांगा.

बॅकअपबद्दल कोल्हापूरकरांना मी वेगळं काय सांगू. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आपल्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत शिरलं तेव्हा माल वर चढवला, वह्या वर चढवल्या, पण कॉम्प्युटर आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्डडिस्क दोन्ही पाण्यात, असं झालेली माणसं मला भेटलीत. एक कॉपी दुकानात, एक वेगळ्या डिस्कवर, आणि एक गावाबाहेर किंवा क्लाऊडवर असलीच पाहिजे. साईटचंही तेच, होस्टिंगवरच बॅकअप ठेवला आणि होस्टिंगमध्येच कुणी शिरलं तर दोन्ही जातं. आणि बॅकअपवरनं साईट उभी करून बघा एकदा, नुसती फाईल आहे यावर विसंबू नका.

आता फोन. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून, आरटीओचं चलन म्हणून, पीएम किसानचा हप्ता म्हणून एक फाईल येते, नावाच्या शेवटी एपीके असतं. पत्रिका पीडीएफमध्ये येते, फोटोत येते, एपीके म्हणजे ॲप. ते टाकून घेतलं आणि विचारेल त्या परवानग्या दिल्या की तुमचे एसएमएस, त्यातले ओटीपी, सगळं तिकडं जातं आणि तुमच्याच नंबरवरनं तीच पत्रिका तुमच्या मामा-मावशीला पोचते. ओळखीच्या नंबरवरनं आली म्हणून लोक उघडतात, हाच तर सापळा आहे. झालंच तर आधी फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरनं १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लावा आणि बँकेला कळवा. ओशाळून दोन दिवस गप्प बसू नका. पैसे एका खात्यातनं दुसऱ्या, दुसऱ्यातनं तिसऱ्या खात्यात पळवत असतात, वाटेत कुठल्या तरी बँकेत ते थांबवता येतात पण त्यासाठी तक्रार पहिल्या तासा-दोन तासांत जायला हवी. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रागावणार नाही हे आधीच सांगून ठेवा, रागावण्याच्या भीतीनंच ते लपवतात.

आणि ज्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते दुसऱ्यांच्या माहितीबद्दल. दहावी-बारावीचे निकाल लागले की ॲडमिशन, स्कॉलरशिप, दाखले, सगळी गर्दी झेरॉक्सवाल्याकडं. आपण काय करतो, त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पॅन, पासबुक पाठवतो, तो डाऊनलोड करून प्रिंट काढतो, दहा रुपये, झालं. त्या कॉम्प्युटरच्या डाऊनलोड्स फोल्डरमध्ये अख्ख्या पेठेची आधार कार्डं पडून असतात, वर्षानुवर्षं, आणि त्यावर पासवर्ड नसतो, शेजारचं कुणीही येऊन पेनड्राईव्ह लावतं. झेरॉक्सवाला चांगला माणूस असतो, त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. प्रिंट हातात आली की चॅटमधलं आणि फोल्डरमधलं दोन्ही डिलीट करायला लावा, समोर उभं राहून, यात काही वाईट वाटण्यासारखं नाही. शक्य तिथं मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आधारच्या अधिकृत ॲपमधनं होतंय, कारण आधारवरनं पैसे काढायच्या सोयीत आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढ्यावर पैसे निघतात, ओटीपी येत नाही, आणि काही राज्यांत नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून असं केल्याचं पोलीस तपासात निघालेलं आहे. रेशनला अंगठा लागला की थोड्या वेळापुरतं उघडता येतं.

तालमींचं, मंडळांचंही तसंच. रक्तदान शिबिर घेतात, पुरात मदतीला धावतात, त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण नाव, पत्ता, मोबाईल, रक्तगट, कुणाच्या घरी म्हातारी माणसं एकटी आहेत, अशी सगळी यादी गूगल शीटमध्ये, आणि शीटला लिंक असेल त्या कुणालाही उघडता येईल असं शेअरिंग, आणि ती लिंक पाच ग्रुपवर. २०१९ च्या पुरात ती यादी जीव वाचवायला केली होती, ती आजही उघडी आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आलाय, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आलेत, टप्प्याटप्प्यानं लागू होतायत, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, पण मंडळाच्या पोरांना मी दंडाची भीती घालत नाही. एवढंच विचारते की एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता चोराला माहीत असावा का रे? मग पटतं. गेल्या महिन्यात एका मंडळानं जुनी शीट बंद करून नवीन केली, उघडायची परवानगी तिघांनाच, रक्तगट आणि फोन एका यादीत, घरचे पत्ते वेगळ्या यादीत, आणि शिबिर झालं की महिन्याभरात नको ती माहिती काढायची हे त्यांनी स्वतःच ठरवलं. आता शेजारच्या गल्लीतल्या मंडळानं बोलवलंय, रविवारी जायचंय.