"मी बघितलं ना"

आज सकाळी दादाने तिसऱ्यांदा स्कूटर मागे वळवली. रस्त्यावर बाटली फुटली होती, काचा त्याने पहिल्याच फेरीत गोळा करून कचऱ्यात टाकल्या होत्या, पण एखादा तुकडा राहिला असेल आणि कुणी घसरून पडलं तर?

मी वैतागून म्हटलं, अरे एवढी माणसं गेली इथून, कुणी थांबलं का? तर म्हणाला, "त्यांचं लक्ष नसेल गं. मी बघितलं ना, आता कुणाला काही झालं तर ते माझ्यामुळेच."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात फिरतंय.

दादाला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच तीच कृती करायला लावणारा मानसिक आजार. ओसीडी म्हटलं की लोकांना फक्त हात धुणं आठवतं. दादाचे हात नॉर्मल आहेत हो, ओझं जगाचं आहे. पॉल साल्कोव्हस्किस या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की मनात नको तो विचार सगळ्यांच्याच येतो, पण या माणसांना वाटतं की नुकसान टाळणं आपल्याच हातात आहे, आणि टाळलं नाही तर ते आपणच केलं. मग तपासणं, परत तपासणं, दुसऱ्याला विचारणं.

आणि मी काय केलं? "नाहीये रे काच, मी नीट बघितलंय" म्हणून टाकलं. त्याच्या थेरपिस्टने स्पष्ट सांगितलंय, अशी खात्री देऊ नका, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि शंका अजून घट्ट होते. पण त्याचा घामेजलेला चेहरा बघून राहवलंच नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्या क्षणी तुम्ही काय बोलता?