तुम्ही विचारलेत म्हणून: एका गुणासाठी तीन तासिका

वर्षाच्या पहिल्या पालकसभेत हा प्रश्न ठरलेला असतो, आणि विचारणारे पालक बहुधा सातवीचे असतात. "बाई, शिवाजी महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी झाला, हे पुस्तकात छापलेले आहे. परीक्षेत ते एका गुणाला येते. मग त्यासाठी तुम्ही तीन तासिका का घालवता?" काही जण सभा संपल्यावर बाजूला येऊन याचाच दुसरा भाग विचारतात: मुलांना नसत्या शंका काढायला शिकवणे बरे आहे का?

हा विषय मी आपणहून निवडला नाही, तो मुलांनीच काढला. शिवजयंती वर्षातून दोनदा का होते, असे एका मुलीने विचारले, आणि तारीख व तिथी यांतला फरक मी समजावून सांगितल्यावर दुसरा मुलगा म्हणाला, "आमचे आजोबा सांगतात की पूर्वी ती वैशाखात असायची." आजोबांचे खरे होते. बराच काळ वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९, म्हणजे इसवी सन १६२७ ही जन्मतिथी मानली जात असे. फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथी पुढे आली ती जुनी कागदपत्रे हाती लागल्यावर.

बी.एड.ला 'समस्या निराकरण पद्धती', म्हणजे मुलांपुढे अडचण ठेवून उत्तर त्यांनाच शोधायला लावण्याची पद्धत, मी पायऱ्यांसह पाठ केली होती. पद्धत पाठ करण्यातला विनोद त्या वेळी आम्हा कोणाच्याच लक्षात आला नाही. या पद्धतीमागचे विचारवंत आणि बाबासाहेब आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू जॉन ड्यूई यांचे म्हणणे साधे होते: माणूस अडला की विचार करू लागतो. माझा वर्ग इथे खरोखर अडला होता.

पहिल्या वर्षी मात्र मी ही संधी वाया घालवली. दोन्ही तिथी फळ्यावर लिहून "तुम्हाला काय वाटते?" असे विचारले, मुलांनी हात वर केले आणि १६३० बहुमताने निवडून आले. इतिहासातली तारीख मतदानाने ठरवल्याची लाज मला कितीतरी दिवस वाटत राहिली. पुरावा हातात न देता मत मागणे ही चिकित्सा नव्हे, हे मी त्या दिवशी शिकले.

आता मी पाच-सहा मुलांच्या गटाला चार चिठ्ठ्या देते. एकीवर जेधे शकावली असते: कारीच्या जेधे देशमुखांकडची, सालवार नोंदींची आणि १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेली. दुसरीवर महाराजांच्याच पदरी असलेल्या कवींद्र परमानंदांचे संस्कृत काव्य 'शिवभारत'. या दोन्हींत शके १५५१ सापडते. तिसरीवर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची चिटणीस बखर, जिच्यात शके १५४९ आहे. चौथी सभासद बखरीची. कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि काय म्हटले आहे, एवढेच प्रत्येक चिठ्ठीवर असते.

पहिली अडचण हिशेबाची येते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे मुलांना ठाऊक असते. १५५१ मध्ये ७८ मिळवून सगळे गट १६२९ काढतात आणि पुस्तकात १६३० पाहून गोंधळतात. मी गप्प राहते, आणि खरे सांगायचे तर ही दहा मिनिटे गप्प राहणे हेच या पद्धतीतले सर्वांत अवघड काम आहे. एका वर्षी एक मुलगी बोटांवर महिने मोजत म्हणाली, "पाडव्याला शक बदलतो आणि फाल्गुन होळीचा, म्हणजे अगदी शेवटचा महिना. तोपर्यंत जानेवारी होऊन गेलेला असतो!" कॅलेंडराचा आख्खा धडा शिकवूनही जे उमगले नसते ते तिला पाडवा आणि होळी यांवरून उमगले.

त्यानंतर मुले एक नियम काढतात: जुने ते खरे. तेव्हा मी सभासद बखरीची चिठ्ठी वाचायला लावते. महाराजांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत लिहिलेल्या या बखरीत जन्मतिथीच नाही. घटनेजवळचे साधनसुद्धा गप्प असू शकते, हे पाहून नियम डळमळतो. मग कोणीतरी परमानंदांवर शंका घेते, की दरबारी कवी स्तुती वाढवूनच लिहिणार. यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने दिलेले उत्तर मी पुढे अनेकांना ऐकवले आहे: "स्तुती वाढवेल, पण तिथी बदलून त्याला काय मिळणार?" राजदरबारातला कवी आणि मावळातले देशमुख घराणे, ही दोन वेगळी ठिकाणे एकच तिथी सांगतात, हा मुद्दा तिथून मुलेच मांडतात. शेवटी उत्तर पुस्तकातलेच येते, आणि परीक्षेत तेच लिहायचे, हेही मी स्पष्ट सांगते.

नसत्या शंकांबद्दल सांगायचे तर ज्यांनी ही तिथी तपासली त्यांची महाराजांवरची भक्ती कोणापेक्षा कमी नव्हती. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुन्या कागदपत्रांची दप्तरे गोळा केली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. अशी साधने जमवून ती एकमेकांशी ताडून पाहणारी माणसे नसती, तर आपण आजही वैशाखातच जयंती साजरी केली असती.

मात्र प्रत्येक पाठ मी असा शिकवत नाही. चाळीस मिनिटांच्या तासिकेत आणि साठ मुलांच्या वर्गात ते जमणार नाही. बहुतेक पाठ मी सरळ गोष्टीसारखे सांगते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. अशी अडचण वर्षातून तीनदाच, आणि तीही साधने हाताशी असतील तिथेच.

आठवीला ती संयुक्त महाराष्ट्राच्या पाठात येते. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ च्या गोळीबारांबद्दल वाचताना मुलांना हुतात्म्यांची संख्या कुठे १०५, कुठे १०६, तर कुठे १०७ अशी सापडते. इथे पुस्तकातला आकडा सांगून मी सुटू शकत नाही, कारण आधी कोणाला मोजले आणि कोणाला नाही, हे पाहावे लागते. यंदाच्या वर्गाने नावांच्या दोन याद्या मिळवल्या आहेत आणि त्या एकमेकींशी ताडून पाहण्याचे काम अजून चालू आहे. दोन नावे एकाच माणसाची असावीत, असा एका गटाचा संशय आहे.