आमची वाटचाल : बियांच्या लिंबाची नर्सरी

वडिलांनी नर्सरी सुरू केली ती बोरांच्या कलमांवर. पुढं तेल्या रोगानं सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबाच्या बागा मोडायला लावल्या, लोक लिंबाकडं वळले आणि आम्हीही. साई सरबती ही कागदी लिंबाची जात, तीही बियापासूनच.

कागदी लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात. त्यातले जोमदार बहुतेक आईच्याच गुणाचे, म्हणून बियापासून केलं तरी जात टिकते. पिवळी झालेली फळं फोडायची, बी धुऊन सावलीत सुकवायचं आणि लगेच गादीवाफ्यावर टाकायचं. उन्हात वाळवलेलं बी उगवत नाही. पिशवीत भरताना सोटमुळी वळलेलं रोप मी फेकतो, गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी.

2012-13 चा दुष्काळ. बुकिंग आधीच थंड, त्यात जवळच्याच एका नर्सरीनं सगळीकडं सांगत सुटायला सुरुवात केली, की बियाच्या लिंबाला सात वर्षं फळ धरत नाही, कलमच घ्या. धडधडीत खोटं. नीट वाढवलेलं बियाचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी फळतं, हे त्यांनाही माहीत होतं. तरी माणसं ॲडव्हान्स परत मागायला आली आणि मी दिलाही. कामावरच्या बाया घरी बसवल्या. ज्यांचं बी घेतो त्या मातृवृक्षांना टँकरचं पाणी घालायचं की बँकेचा हप्ता भरायचा, असा रोजचा प्रश्न होता. झाडांना पाणी घातलं. शेडनेट फाटलं तरी बदलता आलं नाही. नर्सरी विकून टाक, असं नातेवाइकांनी तोंडावर सांगितलं.

एकट्या सांगोल्याच्या तात्यांनी बुकिंग मोडलं नाही. "मालक, माझी रोपं ठेवा, पाऊस पडला की नेतो." नेली, मुरमाड रानात वीस बाय वीस फुटांवर लावली. त्यांच्या शेजाऱ्यानं त्या दुसऱ्या नर्सरीची कलमं लावली होती. ती कलमं जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर बांधलेली; जोडाखालून येणारी जंबेरीची फूट काढायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. वरचं लिंबू दबलं, खालची जंबेरी माजली आणि जाड सालीची, खडबडीत फळं लागली. तात्या ती फळं पिशवीत घालून माझ्याकडं घेऊन आले. त्यानंतर सांगोला, मंगळवेढ्याची गिऱ्हाइकं परत फिरली. कलम वाईट नाही, पण विकणाऱ्यानं सगळं सांगितलं पाहिजे.

वडिलांचा सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, अजून वापरात आहे. स्प्रिंग बदलली, पातं तेच. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटनं पुसतो, खैऱ्या रोग असाच पसरतो.

लावणाऱ्यांनी एवढं करा. जमिनीपासून दोन-अडीच फूट खोड मोकळं ठेवा, वर चारी दिशांना चार-पाच फांद्या राखा. सरळ वर धावणारे पानसोट कोवळे असतानाच काढा. मोठ्या कापावर मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा. लिंबाला डाळिंबासारखी भारी छाटणी करू नका, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण करतोच.

ती नर्सरी आता स्वतःच बियाची रोपं विकते, सात वर्षांचं काहीच बोलत नाही. कुणाकडूनही घ्या, पावतीवर जात आणि पेरणीचा महिना लिहून मागा. आमच्या पावतीवर तो पहिल्यापासून असतो.