गंजी पेटली की

बेळगावात बंब आहे, खरं आमच्या गावात पोचायला त्याला वेळ लागतोच, आणि पिंजराची, म्हणजे भाताच्या वाळल्या काडाची, गंजी काय वाट बघत बसत नाही. म्हणून आग विझवायचं काम आमच्याकडं गावच करत आलंय, पगार नाही, ड्रेस नाही, नाव पण नाही.

आजोबांच्या वेळी मारुतीच्या देवळातली घंटा रात्री थांबायचं नाव घेईना की घरटी एक माणूस आणि एक कळशी निघायचीच, रिकाम्या हातानं आला तर म्हातारी माणसं शिव्या घालायची. निम्मी घरं गवती छपराची, त्यामुळं पाण्याच्या आधी शेजारच्या घराचं छप्पर ओढून काढायचे, आणि ज्याचं काढलं त्याला नंतर सगळ्यांनी मिळून शाकारून द्यायचं. (बेंजामिन फ्रँकलिननं १७३६ ला फिलाडेल्फियात असंच मंडळ काढलेलं म्हणे, सभासदानं चामड्याच्या बादल्या स्वतःच्या आणायच्या. म्हणजे आमची कळशीच की!) पुढं कौलं आली, घरच्या आगी कमी झाल्या, गंज्यांच्या काय कमी झाल्या नाहीत.

आजोबा १९४४ ला मुंबईत गिरणीत होते. १४ एप्रिलला व्हिक्टोरिया डॉकात फोर्ट स्टिकिन जहाजावर आग लागली, आत कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात, स्फोट झाले त्यात बंबावरची ६६ माणसं गेली, अग्निशमन दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. आजोबा सांगायचे, दाबलेल्या कापसात पाणी शिरत नाही, वरनं विझल्यागत दिसतंय, आत धुमसत असतंय. गावी आल्यावर गंजीला पण त्यांचं तेच, "नुसतं पाणी काय मारालाय रे, फोडा की आधी!"

आणि आम्ही काय केलं? तीन वर्षांमागं उन्हाळ्यात वरच्या तारा घासून ठिणगी पडली, आमचीच गंजी. लाइनमनला फोन करून करंट बंद केला, एवढं एक शहाणपणाचं, खरं करंट गेला म्हणजे मोटर पण गेली, मग ट्रॅक्टरचा टँकर आणून सगळा ओतला, ज्वाळा बसल्या, चहा झाला, पोरांनी सेल्फी काढले, घरी गेलो. पहाटे तीनला परत घंटा. ह्या खेपेला शेजारच्या काकांची गंजी पण गेली, त्यांच्या म्हशींचं वर्षाचं वैरण. मग काट्यांनी पिंजर उपसून पसरत, एकेक थर भिजवत दुपारचे बारा वाजले. काका एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. त्यांना आमच्या मळ्यातलं वैरण दिलं, पुरलं नाही ते सोडा.

त्यानंतर वर्गणी काढून टँकरला बसेल असा लांब पाइप घेतला, मंडळाच्या खोलीत गणपतीच्या सामानाजवळ ठेवलाय. म्हणजे होता. परवा बघायला गेलो तर कुणीतरी स्लॅबला पाणी मारायला नेलाय, कुणी ते कोण सांगंना. ग्रुपवर टाकलंय, ज्यानं नेलाय त्यानं संध्याकाळपर्यंत आणून ठेवा, भात मळून झालाय, गंज्या रचालेत.