वही तिची, पेन्सिलही तिचीच

माझी मुलगी पाचवीत असताना तिच्या गृहपाठाची वही तिच्यापेक्षा माझ्याच हातात अधिक असे. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज तिने दोन पंचमांश अशी लिहिली की मी लगेच खोडरबर उचलत असे, छेद समान करून दाखवत असे आणि तिच्याकडून बरोबर उत्तर लिहून घेत असे. वही नीटनेटकी दिसे. चाचणीत मात्र तीच चूक पुन्हा होई आणि माझा आवाज चढे. शाळेत असताना मला गणिताची धास्ती होती आणि तीच मी रोज संध्याकाळी तिच्या शेजारी बसून तिला देत होते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनाबद्दल वाचले. पहिली-दुसरीतल्या मुलांच्या त्या अभ्यासात असे आढळले की ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटते, त्यांनी गृहपाठात वारंवार मदत केली, तर मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि त्यांची भीतीही वाढते. असेच पालक क्वचित मदत करत असतील, तेव्हा मात्र हा परिणाम दिसला नाही. वाचून थोडा राग आला, कारण मदत करणे हेच चांगल्या पालकाचे लक्षण, असे मी धरून चालले होते.

तेव्हापासून मी खोडरबर उचलत नाही. दोन पंचमांश दिसले, तर एवढेच विचारते की, अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान कसे झाले? या प्रश्नावर ती पहिल्यांदा बराच वेळ गप्प बसली होती, आणि ती शांतता सहन करणे मला समान छेद शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड गेले. पाठांतराच्या विषयांतही धडा पाचव्यांदा वाचायला लावण्याऐवजी पुस्तक मिटून आठवेल ते सांगायला सांगते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिण्याचा सराव केलेले पुढे गेले. उद्याच्या परीक्षेकडे पाहणाऱ्या आपल्याला म्हणूनच वाचनच फलदायी वाटते.

झोपेबाबत मात्र मी कडक आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, अशी निद्राविकारतज्ज्ञांची शिफारस आहे. त्यातच वयात येताना शरीराचे घड्याळ पुढे सरकते आणि झोप उशिरा येऊ लागते. शाळेची वेळ काही पुढे सरकत नाही. रात्री उरलेला अभ्यास तसाच राहू द्यावा आणि वर्गशिक्षिकेला चिठ्ठी द्यावी, या मताची मी झाले आहे, जरी घरात सर्वांना ते पटत नाही.

सहावीत असताना तिचे दर सोमवारी सकाळी पोट दुखू लागले. डॉक्टरांना तपासणीत काही सापडले नाही, आणि मी तो बहाणा ठरवून मोकळी झाले. “शाळेत काय झालं?” या माझ्या प्रश्नाला “काही नाही” हे ठरलेले उत्तर मिळे. एकदा दोघी कपड्यांच्या घड्या घालत असताना, तिच्याकडे न पाहताच, मी विचारले, “मधल्या सुट्टीत डबा कोणाबरोबर खातेस?” ती म्हणाली, “एकटीच.” तीन आठवडे असे चालले होते, आणि त्या तीन आठवड्यांत मी तिची गणिताची वही मात्र रोज न चुकता तपासली होती.