चेनिन ब्लाँच्या ओळीत शिंगखत: फळछाटणीनंतरची नोंद

मंडळी, सप्टेंबरची छाटणी उरकली, डोळे फुटले आणि चेनिन ब्लाँला (वाइनचं पांढरं द्राक्ष) शिंगखत, म्हणजे बीडी ५००, देऊन झालं. हे बायोडायनॅमिक शेतीतलं खत, गाईच्या शिंगात शेण भरून, जमिनीत पुरून केलेलं.

शिंगं गेल्या नवरात्रात पुरली होती. व्यायलेल्या डांगी गाईंचीच घेतली, बैलाची चालत नाहीत. होळीनंतर उकरली तेव्हा शेणाचा वास पार गेलेला. आतला माल काळाभोर, मऊ, बोटांत दाबला की लोण्यासारखा पसरणारा. एका शिंगाच्या टोकाशी मात्र हिरवट गोळा तसाच होता. तो वेगळा काढून पुन्हा पुरला. बाकीचं मडक्यात भरून, भोवती कोकोपीट घालून सावलीत ठेवलं.

एकरी २५-३० ग्रॅम, १३-१५ लिटर कोमट पाण्यात, तासभर ढवळायचं. भोवरा बुडापर्यंत गेला की हात लगेच उलटा फिरवायचा. पाणी उसळतं, फेसाळतं, मग दुसऱ्या दिशेने भोवरा धरतो. संध्याकाळी कडुलिंबाच्या डहाळीने ओल्या बोदावर (वेलांच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर) मोठे थेंब शिंपडले.

दिवस निवडताना अनेकांची गल्लत होते. ५०० उतरत्या चंद्रात देतात, पण उतरता चंद्र म्हणजे वद्य पक्ष नव्हे. चंद्र आकाशात रोज थोडा दक्षिणेकडे सरकतो तो काळ, साधारण मिथुनेपासून धनूपर्यंतचा. आपल्या पंचांगात चंद्ररास असतेच, तेवढी पुरते.

पण माझ्या मते नाशिककरांनी राशीपेक्षा छाटणीकडे जास्त बघावं. या पद्धतीचे जनक रुडॉल्फ श्टायनर यांनी १९२४ मध्ये कोबरविट्झला (तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये) व्याख्यानं दिली ती युरोपातल्या शेतीसाठी. तिथे शिंग जमिनीत असतं तेव्हा वेलही झोपलेला असतो. फ्रान्समध्ये वाइन-उत्पादक निकोला जोली यांच्या बागेत हेच चेनिन ब्लाँ बायोडायनॅमिक पद्धतीने पिकतं, पण तिथल्या वेलाला खरा हिवाळा मिळतो. आपला वेल झोपतच नाही. एप्रिलला खरड छाटणी, सप्टेंबरला फळछाटणी. म्हणून मी ५०० दोन्ही छाटण्यांनंतर, बोद उकरून पांढरी मुळी दिसली की देतो.

डाऊनी (केवडा रोग) याने थांबत नाही, हे स्पष्ट सांगतो. परतीच्या पावसात बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) मारावंच लागलं. डेमेटर या बायोडायनॅमिक प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या नियमांत तांब्याची मर्यादा हेक्टरी वर्षाला सरासरी ३ किलो आहे, त्यामुळे प्रत्येक फवारणीचा हिशेब वहीत लिहितोय. मधल्या दिवसांत सुरूच्या झाडाच्या पानांचा काढा चालू आहे.

जर्मनीत गाइझेनहाइमच्या विद्यापीठात २००६ पासून रिस्लिंग द्राक्षावर तुलना चालू आहे. तिथे सेंद्रिय आणि बायोडायनॅमिक यांत फारसा फरक दिसलेला नाही. म्हणूनच पूर्वेकडच्या काही ओळींना मी शेणखत तेवढंच दिलंय, ५०० नाही. मण्यांत पाणी उतरताना दोन्हीकडचे बोद उकरून मुळी आणि गांडुळं बघणार आहे.

पुढचा टप्पा बीडी ५०१, गारगोटीच्या भुकटीचं. एकरी १ ग्रॅम, सूर्योदयाला, पानांवर. आपल्याकडच्या उन्हात पानं करपण्याची धास्ती वाटते. कुणी फळछाटणीच्या बागेत मारलं असेल तर घड कोणत्या अवस्थेत होते, ते नक्की कळवा.