चावी, सायकल आणि 1 कोटी युरो

लेकीचं आखेनला शिकायला जायचं ठरलं, तेव्हा घरात विमा म्हटलं की आरोग्य विमाच. पण जर्मनीत विद्यार्थ्यांना तो सक्तीचाच असतो, त्यामुळे तिथे फार डोकं लावावं लागत नाही. डोकं लागलं ते कुणीही सक्ती न करणाऱ्या दुसऱ्या विम्याला. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा. तिथे त्याला ‘प्रिवाट-हाफ्टफ्लिष्ट’ म्हणतात.

"आई, सक्तीचा नाही तर पैसे कशाला घालवायचे?" लेकीचा पहिला प्रश्न. उत्तर तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 823 मध्ये आहे, आणि ही संहिता 1900 पासून लागू आहे. मुद्दाम करा नाहीतर निष्काळजीपणाने, दुसऱ्याच्या जिवाला, शरीराला, मालमत्तेला इजा केलीत तर भरपाई द्यायची. तिला वरची मर्यादा नाही. सायकलवर असताना नजर मोबाइलकडे गेली, समोरचे आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं, की उपचारांपासून पुढच्या देखभालीपर्यंत सगळा खर्च हिच्या नावावर. जर्मन मुलं पहिलं शिक्षण संपेपर्यंत बहुधा आईवडिलांच्या पॉलिसीतच असतात. आमच्याकडे तशी पॉलिसी नाही, तेव्हा हिला स्वतःचीच हवी.

इथून घेतलेल्या विद्यार्थी प्रवास विम्यातही ‘पर्सनल लायबिलिटी’ अशी एक ओळ होती. "झालं की मग," म्हणून नवरा मोकळा झाला. मी त्या ओळीखालचं बारीक वाचलं. भाड्याने घेतलेल्या किंवा स्वतःच्या ताब्यातल्या परक्या वस्तू वगळलेल्या! विद्यार्थ्याचा सगळा संसारच भाड्याचा आणि मागून आणलेला असतो, मग राहिलं काय?

रकमेचा निर्णय लवकर झाला. तिथले ग्राहक सल्लागार किमान 1 कोटी युरोचं संरक्षण घ्यायला सांगतात. आकडा ऐकून आपल्याला घेरी येते, पण एकट्या माणसाचा हप्ता वर्षाला 50 युरोच्या आसपास असतो, आणि रक्कम वाढवली तरी तो फारसा वाढत नाही. म्हणून मी रकमांची तुलना सोडली आणि लेकीचा दिवस डोळ्यांसमोर आणून कलमं वाचायला बसले.

पहिली गोष्ट चावी. वसतिगृहाची एकच चावी खोलीला, मुख्य दाराला आणि तळघरालाही लागते. ती हरवली तर घरमालक सगळ्या इमारतीची कुलपं बदलायला काढू शकतो आणि बिल हजारो युरोंत जाऊ शकतं. यावर 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचा एक छान निकाल आहे: कुलपं खरोखर बदलली असतील तरच भाडेकरूकडून तो खर्च मागता येतो, नुसत्या अंदाजपत्रकावर नाही. तरीही ‘परक्या चाव्या हरवणे’ हे शब्द पॉलिसीत आहेत का आणि किती रकमेपर्यंत, हे मी आधी बघितलं. विभागाच्या प्रयोगशाळेची चावी पुष्कळदा त्यात धरत नाहीत, ती वेगळी विचारावी लागते. प्रयोगशाळेतल्या उपकरणांचंही तसंच. आमची इंजिनिअरिंगची असल्यामुळे प्रात्यक्षिकांच्या वेळी होणाऱ्या नुकसानाचं कलम नसलेली पॉलिसी मी सरळ बाजूला ठेवली.

दुसरी गोष्ट मदत. ही मुलं सतत एकमेकांची खोली हलवत असतात. मैत्रिणीचा टीव्ही फुकट उचलताना हातातून पडला, तर किरकोळ निष्काळजीपणाची जबाबदारी मैत्रिणीने न बोलताच माफ केली होती, असं कोर्ट बरेचदा मानतं. मग कंपनी म्हणते, देणंच लागत नाही तर आम्ही काय देऊ? कायद्याने बरोबर, पण मैत्रीचं काय? म्हणून ‘मदत करताना झालेलं नुकसान’ हे कलम वेगळं हवं.

समोरच्यानेच हिचं नुकसान केलं आणि त्याच्याकडे ना विमा ना पैसा, तर आपली कंपनी भरपाई देते, असंही एक कलम असतं. बहुधा आधी कोर्टाचा निकाल लागतो, तरी मला ते हवंच होतं. साधी सायकल आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतच साथ देणारी ई-सायकल या विम्यात चालते. गाडी, स्वतःची ई-स्कूटर आणि कुत्रा यांचे विमे वेगळे. दर दाव्याला पहिले 150 युरो स्वतः भरायची अट असेल तर हप्ता कमी होतो, पण विद्यार्थ्यांचे किरकोळ दावे त्या 150 मध्येच संपतात. मी ती अट घेतली नाही.

आणि पैसे देण्याइतकंच कंपनीचं दुसरं काम मला मोलाचं वाटतं: मागणी खोटी किंवा फुगवलेली असेल तर ती आपल्या वतीने नाकारणं, वेळ पडली तर कोर्टातही. परक्या भाषेत एकटी पोर घरमालकाशी काय भांडणार?

पहिल्याच हिवाळ्यात हिने खोलीतल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चहा सांडला. कंपनीने पैसे दिले, पण त्या जुन्या लॅपटॉपच्या आजच्या किमतीइतकेच. मैत्रीण रुसली, कारण तिला नवीन हवा होता. "वरचे मी देऊ का गं आई?" म्हणून फोन आला. तुझी मैत्रीण, तुझा निर्णय, म्हटलं. फक्त कंपनीला कळवायच्या आधी कुणाला कबुली लिहून देऊ नकोस, फोटो काढून ठेव, आणि एका आठवड्याच्या आत कळव, कायद्यात तेवढीच मुदत आहे.

आता पॉलिसी दर वर्षी आपोआप पुढे चालू राहते. शिक्षण संपवून परत यायच्या वेळी ती लेखी बंद करायची आहे. ते मी कॅलेंडरवर आत्ताच टिपून ठेवलंय, तिच्या भरवशावर नाही.